ताकाच्या आइसबॉक्समध्ये पंप बसवून गार पाणी फिरवायचंय, कोणी केलंय का?

ताकवाला_अकोला (१० एप्रिल)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाली, नुसता वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा, चुकलं तं सांभाळून घ्या.

माझा मठ्ठ्याचा गाडा आहे अकोल्यात, मार्केट यार्डाच्या बाजूला. साडेदहा ते साडेपाच. घरूनच मठ्ठा करून २०० मिलीच्या बाटल्यांत भरून नेतो, दिवसाला १२० बाटल्या म्हणजे २४ लिटर. ८० लिटरचा प्लास्टिकचा आइसबॉक्स आहे अन् रोज १५ किलो बर्फ लागते, लादीतून फोडून आणतो. एप्रिलच्या दहा तारखेलाच इथं ४२ होऊन रायलं, मे महिना तं अजून पुढेच आहे.

प्रॉब्लेम असा की सगळ्या बाटल्या सारख्या गार होतच नाहीत. बर्फाला चिकटलेली बाटली एकदम चिल्ड, अन् कोपऱ्यातली नुसती नावाला गार. काल दुपारी दोन वाजता स्वयंपाकघरातलं सुईवालं थर्मामीटर घालून पाह्यलं तं मधली बाटली ७, कोपऱ्यातली १३ अन् सगळ्यात वरची १९ डिग्री. गिऱ्हाईक बाटली हातात घेते, गालाला लावून पाहते अन् न बोलता परत ठेवून देते. बाप्पा, ते परत ठेवणं लय लागते जिवाला.

तं डोक्यात असं आलं की घरच्या कूलरची जी छोटी मोटर असते १८ वॅटची, ती बॉक्सच्या तळाला ठेवायची, वितळलेलं गार पाणी नळीनं वर घ्यायचं अन् बाटल्यांवर सोडायचं, ते परत खाली येईल अन् परत वर जाईल. बायको म्हणते बर्फ दुप्पट वितळन. कोणी केलं असेल तं सांगा.

उंटावरचा (१० एप्रिल)

म्हणजे कूलरमध्ये कूलरचा पंप. विदर्भात लोक उन्हाळ्यात कूलरसमोर झोपतात हे माहीत होतं, आता ताक पण झोपणार.

(मस्करी हं. वाचतोय.)

चष्मिष (१० एप्रिल)

आयडिया चांगली आहे, पण आधी हिशोब करू. शाळेच्या विज्ञानातलाच आहे, घाबरू नका.

१ लिटर पाणी १ डिग्रीने थंड करायचं तर त्यातून १ किलोकॅलरी काढावी लागते, आणि ० डिग्रीचा १ किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी खातो. शाळेत अप्रकट उष्मा शिकवतात तो हाच. ताक म्हणजे बहुतेक पाणीच. तुमचं ताक घरून निघताना ३० डिग्री धरू आणि ५ वर आणायचंय असं धरू, म्हणजे २४ गुणिले २५, झाल्या ६०० किलोकॅलरी. भागिले ८०, साडेसात किलो बर्फ. निम्मा बर्फ तुम्ही नुसता घरचं गरम ताक गार करण्यात घालवताय!

बाकीचा बॉक्सच्या भिंती खातात. ८० लिटरच्या बॉक्सचा बाहेरचा पृष्ठभाग साधारण दीड चौरस मीटर. भिंतीत साडेतीन सेंटीमीटर पीयू (पॉलियुरेथेन) फोम असेल तर बाहेर ४२ आणि आत २ असताना चाळीस-पंचेचाळीस वॅट उष्णता सतत आत झिरपते. ७ तासांत साडेतीन किलोच्या आसपास बर्फ तिथे गेला, झाकण उघडझाक वेगळी.

पंपाचं म्हणाल तर पाण्यात बुडवलेला पंप म्हणजे एक छोटा हीटर. १८ वॅट ७ तास म्हणजे १०८ किलोकॅलरी, साधारण १.३५ किलो बर्फ. तेव्हा वहिनी पूर्ण चूक नाहीत, बर्फ जास्त वितळेल, फक्त दुप्पट नाही.

आणि पंपाने जास्तीचा गारवा तयार होत नाही, आहे तोच सगळीकडे पोचतो. तुमच्या केसमध्ये नेमकं तेवढंच हवंय, त्यामुळे करून बघा.

ताकवाला_अकोला (१० एप्रिल)

सर लय धन्यवाद, हिशोब वहीत उतरवून घेतला. एक सांगायचं राह्यलं, मी बर्फाचं पाणी झालं की खालची तोटी उघडून काढून टाकत होतो, काहून की मला वाटे पाण्यानं बर्फ लवकर वितळते. ते चूक का बरोबर?

डेअरीकाका (११ एप्रिल)

चूक! भावा तिथंच घोटाळा झालाय तुझा.

मी सांगलीकडं दूध संघात चिलिंगला ३१ वर्षं काढली, आता रिटायर. हवेतनं थंडी बाटलीत जायला लय वेळ लागतो, पाण्यातनं पटकन जाते. पटत नसंल तर फ्रिजमध्ये नुसता हात घालून दोन मिनिटं उभा रहा, काय होत नाही. त्याच थंडीच्या पाण्यात हात घाल, मिनटात कळा येतील. तू पाणी काढून टाकत होतास म्हणजे बाटली आणि बर्फाच्या मधी नुसती हवा ठेवत होतास. बर्फाचा खडा बाटलीला टेकतो किती, रुपयाएवढ्या जागेत. बाकी सगळी हवाच.

आमच्याकडं जुन्या काळी ४० लिटरचे कॅन अख्खे गार पाण्याच्या हौदात सोडायचे, मानेपर्यंत पाणी, आणि पाणी हलतं ठेवायचं. हलतं नसलं की कॅनच्या अंगाला चिकटलेलं पाणी गरम होऊन तिथंच बसतं. पुढं आयबीटी आली, आइस बँक टँक. मोठी टाकी, आत पाइपांची जाळी, त्या पाइपांत गॅस फिरतो आणि पाइपांवर रातभर बर्फ धरतो, मनगटाएवढा जाड. सकाळी गाड्या आल्या की त्या बर्फावरनं फिरलेलं एक-दोन डिग्रीचं पाणी पंपानं प्लेट चिलरला जातं, एका बाजूनं दूध, दुसऱ्या बाजूनं उलट दिशेनं पाणी, मधी स्टीलचा पातळ पत्रा. तीस-पस्तीसचं दूध चार डिग्रीनं बाहेर पडतं. पाणी गरम होऊन परत टाकीत, परत बर्फावर, परत फिरतंय. तू जे विचारतोयस ते आम्ही आयुष्यभर केलंय, फक्त तुझी टाकी ८० लिटरची.

आयबीटीत पाणी ढवळायला खालनं हवा सोडत्यात. एकदा तो ब्लोअर बंद पडलेला कुणाच्या ध्यानातच आलं नाही. बर्फ हाय तसा हाय आणि दूध नऊ डिग्रीनं निघालंय. बर्फ होता, पाणी होतं, पंप होता, नुसतं ढवळणं नव्हतं. त्या दिवशी ज्या शिव्या खाल्ल्या त्या अजून ध्यानात हायत.

सुरमई (११ एप्रिल)

काका म्हणतात ते दुधाचं बरोबर पण सगळ्याला लावू नका हां. मी रत्नागिरीचा, घरची बोट आहे. पेटीत मासळी बर्फात लावतो तेव्हा पाणी काढूनच टाकायचं असतं, पेटीला खाली भोकं त्याच्यासाठीच. वितळलेलं पाणी रक्त, चिकटा सगळं धुवून खाली नेतं. पाण्यात भिजत राहिलेला मासा मऊ पडतो, डोळा पांढरा होतो, गिऱ्हाईक हातच लावत नाही.

दुसरी पद्धत पण आहे. बांगडा-तारली एकदम ढिगाने सापडली की खणात समुद्राचं पाणी आणि बर्फ एकत्र करतात, मोठ्या बोटींवर ते पाणी पंपाने फिरवतात. खारं पाणी शून्याच्या खाली उणे पावणेदोनपर्यंत जातं तरी गोठत नाही, त्यामुळे मासळी फटाफट गार पडते. पण ते थोड्या वेळाचं काम, आठवडाभर तसं ठेवत नाय कोण.

तुमची बाटली बंद आहे, तुम्ही पाणी ठेवा.

नगरी_जुगाड (११ एप्रिल)

मग बर्फात मीठ टाका की राव! कुल्फीवाला टाकतो तसं. खडे मीठ स्वस्त मिळतं, डायरेक्ट उणे दहा. पंप चालू, विषय संपला.

चष्मिष (११ एप्रिल)

मीठ टाकू नका. ताक शून्याच्या जरा खालीच गोठायला लागतं. उणे दहाचं पाणी फिरवलंत तर बाटलीत बर्फाचा गोळा, आणि वितळल्यावर खाली पाणी वर चोथा. शिवाय मिठाने तापमान खाली जातं, बर्फाची उष्णता खायची ताकद वाढत नाही. उलट बाहेर-आत फरक वाढला की झिरपणारी उष्णता पण वाढते.

ताकवाला_अकोला (१३ एप्रिल)

सर तुमचा प्रतिसाद मी उशिरा वाचला. मिठाचा आधी वाचला.

काल अर्धा किलो खडे मीठ टाकलं. दुपारी एकाला खालच्या थरातल्या २२ बाटल्या बर्फीसारख्या. एका मास्तरनं उलटी करून दाखवली, थेंब नाही पडला. म्हणे हे ताक आहे का आइसक्रीम. अन् नंतर वितळल्या तं खरंच वर चोथा खाली पाणी. २२ बाटल्या फेकल्या.

नगरी_जुगाड (१३ एप्रिल)

सॉरी भाऊ. मी पण कधी करून नव्हतं पाह्यलं, फक्त व्हिडिओ बघितला होता.

फ्यूज_उडाला (१३ एप्रिल)

मीठ राहू द्या बाजूला, मला एक सांगा, गाड्यावर लाइट कुठून घेताय? १८ वॅटचा कूलर पंप म्हणजे २३० व्होल्ट. मी वायरमन आहे, लायसन आहे, म्हणून विचारतोय.

ताकवाला_अकोला (१३ एप्रिल)

बाजूच्या दुकानातून एक्स्टेंशन टाकलं आहे. मिठाच्या दिवशी तोच पंप लावला होता. बाटली काढाले हात घातला तं बोटाले झिणझिण झालं जराशी. मला वाटलं थंडीनं.

फ्यूज_उडाला (१३ एप्रिल)

ते थंडीनं नाही हो!!! आजच्या आज काढा तो पंप.

दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी विदर्भात वाचायला मिळते की नाही? कूलरचा पंप तरी आत असतो, आपण लांबून हवा खातो. तुम्ही दिवसातून शंभर वेळा त्याच पाण्यात हात घालणार, पायाखाली ओली जमीन, एक्स्टेंशनला अर्थिंग आहे का नाही देव जाणे, वर मिठाचं पाणी म्हणजे करंटला रस्ता मोकळा.

१२ व्होल्टचा ब्रशलेस सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडवून चालणारा पंप मिळतो, मुठीत मावतो, चार-पाच वॅटचा, तासाला २४० लिटरच्या आसपास फेकतो. कारंज्याला, फिशटँकला वापरतात. त्याला यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी लावा, ८४ वॅट-अवर झाली, जुनी झालेली असली तरी ७ तास आरामात ओढेल. दुकानदाराचे उपकार पण नकोत. आणि उद्या कधी २३० वर जायची वेळ आलीच तर आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइट आपोआप तोडणारा स्विच), मग पंप. लोक इलेक्ट्रिकच्या दुकानात ईएलसीबी म्हणतात त्यालाच.

चष्मिष (१३ एप्रिल)

अनुमोदन. शिवाय ५ वॅटचा पंप ७ तासांत ४०० ग्रॅमसुद्धा बर्फ वितळवत नाही. सगळ्याच बाजूने फायदा.

पेटंट_पेंडिंग (१४ एप्रिल)

बर्फच कशाला पाहिजे? पेल्टियर मॉड्यूल लावा. १२ व्होल्टवरच चालतं, एका बाजूने थंड एका बाजूने गरम. थंड बाजूला वॉटर ब्लॉक (आतून पाणी जाणारा धातूचा ठोकळा), त्यातून पाणी फिरवा. कारमध्ये ठेवायचे छोटे कूलर येतात ते असेच असतात. बर्फाचा रोजचा खर्च बंद.

चष्मिष (१४ एप्रिल)

नेहमीचं जे मॉड्यूल मिळतं ते साधारण ६० वॅट खातं. एवढ्या तापमानफरकावर ते १५-२० वॅटच उष्णता ओढेल, तीही गरम बाजूला चांगला पंखा असेल तर, आणि तो पंखा ४३ डिग्रीची हवा मारणार. २४ लिटर ताकातून ६०० किलोकॅलरी म्हणजे ७०० वॅट-अवर काढायचे आहेत. २० ने भागा. ३५ तास! आणि यात भिंतीतून झिरपणारे ४० वॅट धरलेच नाहीत. म्हणजे ताक गार होण्याऐवजी तापेलच. ते कारमधले कूलर बाहेरच्यापेक्षा १५-२० डिग्री खाली जातात फार तर, अकोल्यात मे महिन्यात २५ चं ताक कोण पिणार?

पेटंट_पेंडिंग (१४ एप्रिल)

ओके. माझ्याकडे चार मॉड्यूल पडून आहेत, कोणाला हवी असतील तर व्यनि (खासगी निरोप) करा.

ह्यूस्टनची_माई (१५ एप्रिल)

मस्त चाललाय धागा. इकडे पार्ट्यांना पिंपातली बिअर गार करायला जॉकी बॉक्स म्हणून प्रकार असतो. साधा पिकनिकचा कूलर, आत स्टीलच्या नळीचं वेटोळं, पन्नास फूट, शंभर फूट, त्यावर बर्फ-पाणी, आणि बिअर त्या नळीतून जाता जाता गार होते. आम्ही मंडळाच्या गणपतीला त्यातून कोकम सरबत काढलंय, दोनशे माणसांना, आणि ते शेवटच्या ग्लासपर्यंत गार होतं. आदल्या दिवशी नळी धुता धुता मात्र जीव गेला.

मजा अशी की नळीवाल्या बॉक्सात बर्फासोबत पाणी घालायलाच लागतं, आणि दुसरा एक प्रकार असतो ॲल्युमिनियमच्या जाड प्लेटचा, त्यात पाणी सतत काढून टाकायचं, बर्फ थेट प्लेटवर बसला पाहिजे. आम्ही पहिल्या वर्षी नेमकं उलट केलं होतं. त्यामुळे सुरमई आणि डेअरीकाका दोघंही बरोबर, आपल्याकडे काय आहे त्यावर आहे.

मठ्ठ्याला मात्र नळीचा उद्योग करू नका. आल्याचे तुकडे आणि कोथिंबीर आत अडकली तर निघणार नाही.

आंबटगोड (१५ एप्रिल)

मी डोंबिवलीत घरगुती केटरिंग करते, पीयूष, सोलकढी, मठ्ठा सगळंच. दादा, तुम्ही सगळे त्या बॉक्सच्या मागे लागलायत, पण चष्मिष यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की निम्मा बर्फ ताक गार करण्यात जातो, ते कोणी पुढे नेलंच नाही. ताक गरम बनवताच कशाला? मठ्ठ्यात तसंही दह्याच्या तिप्पट पाणी जातं. दही फ्रिजमधलं घ्या आणि पाण्यातलं थोडं पाणी कमी करून तेवढा पिण्याचा बर्फ घाला, घुसळताना विरघळून जातो. बाटलीबाहेर बर्फ रचून दोन तास वाट बघण्यापेक्षा आत घातलेला बर्फ मिनिटात काम करतो.

पण तो बर्फ पिण्याचाच पाहिजे हं, लादीचा नाही. २०१८ साली आपल्या राज्यात एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) खाण्याचा नसलेला बर्फ निळसर रंगवायचा नियम काढला तो याचसाठी, गोळे-सरबतवाले कुठलाही बर्फ घालायचे म्हणून. रंग दिसला नाही म्हणजे चांगलाच असंही समजू नका.

त्याच कारणाने मला तुमच्या पंपाची एक भीती वाटते. लादीचं वितळलेलं पाणी तुम्ही सगळ्या बाटल्यांच्या झाकणांवरून दिवसभर फिरवणार. झाकणाच्या आट्यांत ते जाऊन बसतं आणि गिऱ्हाईक तोंड लावून पितं. मी काय करते, लादीचा बर्फ जाड पिशव्यांत भरून गाठ मारते, दोन-दोन किलोच्या. वितळलेलं पाणी पिशवीतच राहतं. बाहेर फिरणारं पाणी आरओचं.

ताकवाला_अकोला (१५ एप्रिल)

ताई हे तं डोक्यातच नव्हतं आलं. झाकणाखाली माझ्याकडे फॉइलचं सील आहे, पण आट्यांचं खरं आहे. पिशव्या करतो.

पिशवीनं थंडी अडणार नाही का?

डेअरीकाका (१५ एप्रिल)

पातळ प्लास्टिकनं काय अडत नाही, पाणी दोन्हीकडनं लागलंय ना. पिशवीत हवा धरू नको फक्त, दाबून काढ आणि मग गाठ मार. आणि पिशव्या तळाला नको, वर ठेव. नळी पिशव्यांवर सोड. पाणी बर्फावरनं गार होऊन बाटल्यांतनं खाली गळतंय आणि तळातनं परत वर. तुमच्या कूलरच्या खसासारखंच की. असं केलंस तर बाटल्या बुडवायला नकोत, पाच-सहा लिटर पाण्यात भागतंय.

चष्मिष (१६ एप्रिल)

आणि ते पाच-सहा लिटर फ्रिजमधलं घ्या. माठातलं २४ डिग्रीचं ५ लिटर घेतलंत तर दीड किलो बर्फ तिथेच गेला.

अजून एक, झाकणावर बोटाने टकटक करून बघा. बऱ्याच बॉक्सच्या भिंतीत फोम असतो पण झाकण पोकळ असतं, आत नुसती हवा. गाड्यावर ऊन तर वरूनच येतं.

ताकवाला_अकोला (१६ एप्रिल)

टकटक केलं. डब्ब डब्ब वाजते. पोकळ आहे बाप्पा, इतके वर्षं त्या झाकणावर बसून जेवलो मी.

गुडघे_वाटी (१८ एप्रिल)

अवांतर आहे, पण राहवत नाही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा फिजिओने एक मशीन भाड्याने आणायला लावलं होतं. गुडघ्याला पट्टा बांधायचा, नळीतून गार पाणी फिरतं, सूज उतरते. भाडं ऐकून मी घाबरलो, उघडून बघितलं तर आत एक छोटा आइसबॉक्स, बर्फ-पाणी आणि इवलासा पंप. तुमचाच हा धागा गुडघ्याला बांधलेला. आईला मात्र आराम पडला, मशीन परत करताना तिचा चेहरा उतरला होता.

नगरी_जुगाड (१८ एप्रिल)

भाड्याऐवजी ताकवाला भाऊकडून बॉक्स घ्यायचा ना, दुपारी ताक, रात्री गुडघा.

उंटावरचा (१९ एप्रिल)

बॉक्सवर ओलं गोणपाट टाका बाहेरून. माठाची आयडिया. विदर्भात हवा कोरडी, फुकटात काही डिग्री मिळतील. आमच्या मुंबईत तसं केलं तर नुसता वास येतो.

(या वेळी मस्करी नाही.)

सुरमई (१९ एप्रिल)

हे बरोबर सांगितलंत. आमच्याकडे पण गोणपाट घालून उपयोग शून्य, हवाच ओली. कोरड्या हवेचं काम ते.

ताकवाला_अकोला (६ मे)

धागा वर काढून रायलो, काहून की रिपोर्ट द्यायचा होता. मधी लग्नसराईत वेळच नाही भेटला.

पहिले चार दिवस फजिती झाली ते आधी सांगतो. १२ व्होल्टचा पंप आणला, यूपीएसची जुनी बॅटरी घरीच होती. पाव इंची पाइपाला खिळा तापवून भोकं पाडली, पाइप बॉक्सच्या काठानं फिरवून पिशव्यांवर आणला. पहिल्या दिवशी दीड वाजेपर्यंत मस्त, मग पंपाचा आवाजच बदलला, गुं गुं गुं, पाणी वर येईना. मला वाटलं जळला. उघडून पाह्यलं तं तोंडाशी कागदाचा लगदा. माझ्याच बाटल्यांची लेबलं! गारपाण्यानं डिंक सुटला, लेबलं तरंगत तरंगत खाली गेली अन् पंपानं ओढून घेतली. वर "शुद्ध गावरान मठ्ठा" असं छापलेलं त्या लगद्यात वाचता येत होतं. दुसऱ्या दिवशी चहाची जुनी गाळणी पंपाच्या तोंडाशी तारेनं बांधली, थोडं चाललं, मग गाळणी पण चोंदली. शेवटी लेबलच काढून टाकलं.

आता सध्याचं असं चालू आहे. ६ लिटर दही फ्रिजमधलं, १५ लिटर माठाचं पाणी, ३ किलो पिण्याचा बर्फ, घुसळून बाटल्या भरल्या की ताक ७-८ डिग्रीलाच निघते घरून. बॉक्समध्ये लादीचा बर्फ ८ किलो, चार पिशव्या, अन् ५ लिटर आरओचं पाणी फ्रिजमधलं. झाकणाच्या आतून दोन इंची थर्माकोल कापून बसवला, वर प्लास्टिक, म्हणजे चुरा पडत नाही. बाहेरून ओलं गोणपाट, दर तासाला पाणी मारतो.

काल इथं ४४ होतं. दुपारी दोन वाजता मधली बाटली ३, कोपऱ्यातली ३, सगळ्यात वरची साडेतीन. तीन वेळा पाह्यलं, मला वाटलं थर्मामीटर बिघडलं. पाच वाजता ४. अन् संध्याकाळी पिशव्यांत अंदाजे २ किलो बर्फ शिल्लक. पहिले १५ किलो लागे, आता दोन्ही मिळून ११. पिण्याचा बर्फ महाग आहे म्हणून पैशात काही फार बचत नाही, पण संध्याकाळी बाटली घरी परत येत नाही.

एक खरं सांगतो. मधी एक दिवस बॅटरी चार्ज करायचीच विसरलो, पंप बंदच होता. गार ताक अन् थर्माकोलचं झाकण एवढ्यावरच दोन वाजता वरची बाटली ९ डिग्री होती. म्हणजे पंप नसला तरी पहिल्याच्या १९ पेक्षा लयच बरं. ताईंचा बर्फ अन् सरांचं झाकण यांनी अर्ध्याहून जास्त काम केलं, पंपानं राहिलेलं केलं. मी येडा पहिल्या दिवशी पंपच घेऊन बसलो होतो.

आंबटगोड (६ मे)

वा! बाटली बाहेर काढल्यावर झाकण पुसून देता ना?

ताकवाला_अकोला (६ मे)

हो ताई, खांद्यावर वेगळा पंचा आहे त्याच्यासाठी, घाम पुसायचा वेगळा. पाणी रोज बदलतो, बॉक्स रात्री साबणानं धुऊन पालथा.

डेअरीकाका (७ मे)

वरची आणि खालची अर्ध्या डिग्रीच्या फरकात आणलीस म्हणजे पास झालास भावा. पंप आठवड्यातनं एकदा उघड, आतलं चक्र काढून ब्रशनं घास. ताक सांडतंय त्याचा थर धरतोय आत, न दिसणारा. आम्ही रोज कॉस्टिक सोड्यानं दुधाची लाइन धुवायचो ते उगाच नव्हे.

ह्यूस्टनची_माई (७ मे)

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). जुलैतल्या पिकनिकला करून बघणार. लेबलाचं काय केलंत शेवटी?

ताकवाला_अकोला (७ मे)

झाकणावर रबरी शिक्का मारतो आता, नुसतं "म". पोरगी म्हणे पप्पा अख्खं "मठ्ठा" मारा, पण झाकणच एवढंसं आहे, मावत नाही. लोक येऊन म्हणतात एक म द्या.